खोली लावायची ती जुलैच्या हिशेबाने

बदलापूर पश्चिमेला, बारवी धरणाकडे जाताना सोनिवली लागते. जुन्या गावाभोवती इमारती उभ्या राहिल्या आणि ठाणे-डोंबिवलीपेक्षा भाडं कमी म्हणून कॉलेजची मुलंही इकडे खोल्या शोधू लागली. कुणी कान्होर रस्त्यावरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जातं, कुणी कुळगावच्या आदर्श महाविद्यालयात, कुणी लोकल पकडून उल्हासनगरच्या सीएचएमला नाहीतर कल्याणच्या बिर्ला कॉलेजला. वसतिगृहाची खोली या पट्ट्यात थोड्यांच्याच वाट्याला येते. बाकीचे तिघं-चौघं मिळून वन आरके घेतात, डिपॉझिट भरतात आणि रिकाम्या खोलीत उभं राहून एकमेकांकडे बघतात. खिशात माणशी तीनेक हजार उरलेले असतात. आणायचं काय, आणि आधी काय?

मोबाइलवरचे व्हिडिओ याचं उत्तर रंगीत दिव्यांच्या माळा, चिकटवायचा वॉलपेपर आणि गुबगुबीत गालिचा असं देतात. त्या खोल्या कोरड्या असतात. इथले प्रवेश होतात जून-जुलैत, इंजिनिअरिंगचे त्याहून उशिरा. म्हणजे कोकणातला पाऊस भरात असताना तुम्ही खोलीत सामान टाकणार. त्या दिवसांत भिंत ओली, हवा ओली, टॉवेल ओला. म्हणून इथे प्रत्येक वस्तूला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: ही पाण्याच्या वाफेत तीन महिने टिकेल का? दिसते कशी, हे त्यानंतर.

सामान आणण्याआधी भिंती बघा. कोकणात मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात, त्यामुळे पावसाची झोड खोलीच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या बाहेरच्या भिंतींवर बसते. बाहेरच्या गिलाव्याला चीर असेल तर आतल्या बाजूला रंगाचे पोपडे धरतात, खाली जमिनीलगत पांढरा क्षार फुटतो, कोपऱ्यात काळी बुरशी चढते. या भिंतीला पलंग, कपाट, पुस्तकं काहीही टेकवायचं नाही. आतल्या, म्हणजे दोन खोल्यांमधल्या भिंतीला टेकवलं तरी चार बोटं जागा सोडायची, म्हणजे मागून हवा फिरते. बुरशी दिसली तर कोरड्या झाडूने झटकू नका, ती खोलीभर उडते. नाकाला रुमाल बांधून, खिडकी उघडून, पाण्यात थोडं ब्लीच घालून ओल्या फडक्याने पुसा. त्यात संडासासाठीचं ॲसिड मात्र कधीही मिसळू नका. दोन्हींमधून विषारी वायू सुटतो. बुरशीवर रंग फासणं किंवा तिच्यावर वॉलपेपर चिकटवणं म्हणजे तिला पांघरूण घालणं. मालक तेच करायला सांगेल, कारण त्याला ते स्वस्त पडतं.

तळमजल्याची खोली असेल तर आणखी एक चौकशी. उल्हास नदी २००५, २०१९ आणि २०२१ साली बदलापुरात शिरली होती. २७ जुलै २०१९ ला तर महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकून पडली. शेजाऱ्यांना विचारा, इथे पाणी आलं होतं का आणि कुठपर्यंत. आलं असेल तर वह्या, प्रमाणपत्रं आणि लॅपटॉप यांची जागा माळ्यावर, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

आता फर्निचर. या भागात त्याचं ठिकाण म्हणजे उल्हासनगर. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, १९४९ साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं आणि बघता बघता तिथे सगळ्या प्रकारचा माल बनू आणि विकू लागला. तिथल्या फर्निचर बाजारात कॉलेजच्या मुलांपुढे हमखास चकचकीत कपाट आणि टेबल ठेवलं जातं, वर लाकडासारखा दिसणारा कागद, आत पार्टिकल बोर्ड. हा बोर्ड म्हणजे लाकडाचा भुगा डिंकासारख्या रसायनात दाबून केलेला तक्ता. कडा पूर्ण झाकलेल्या असतील आणि हवा कोरडी असेल तोवर तो ठीक. पण स्क्रूच्या भोकातून किंवा खालच्या उघड्या कडेतून ओल शिरली की भुगा फुगतो, आणि एकदा फुगलेला भुगा वाळल्यावर पूर्ववत होत नाही. स्क्रूची पकड सुटते, दार लोंबतं, टेबलाचा पाय निघतो. पोछ्याचं पाणी रोज पायाशी लागतं, तेवढंही त्याला पुरतं. प्लायवूड त्याहून बरं, पण त्यातही प्रती आहेत. एमआर प्रत म्हणजे दमट हवा सोसणारी, पाणी सोसणारी नव्हे. उकळत्या पाण्याला तोंड देणारी ती बीडब्ल्यूआर. दुकानदार दोन्हींना वॉटरप्रूफच म्हणतो. कडेवरचा शिक्का वाचा.

तुमच्या बजेटात मुळात या दोन्हींची गरज नाही. लोखंड, स्टील, प्लॅस्टिक, सुती कापड आणि दोरी एवढ्यात खोली लागते. सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे अँगलचा रॅक: भोकं पाडलेले चार लोखंडी अँगल आणि पत्र्याचे खण, नटबोल्टने जोडलेले. पुस्तकं, डबे, बॅगा, चपला सगळं त्यावर बसतं. हवा आरपार जाते, खण हवे तसे वरखाली होतात, आणि खोली सोडताना पाना घेऊन अर्ध्या तासात तो उघडून गठ्ठा बांधता येतो. घेताना पत्र्याची जाडी बोटाने दाबून बघा, आणि पायांखाली प्लॅस्टिकची टोपणं मागून घ्या, नाहीतर फरशीवर गंजाचे डाग पडतात आणि ते डिपॉझिटमधून वजा होतात. कपड्यांसाठी घरातली पत्र्याची ट्रंक असेल तर ती आणाच. पूर्वी शिकायला निघालेल्या पोराबरोबर ट्रंक आणि वळकटी असायची, त्यात शहाणपण होतं. ट्रंकेत डांबराच्या दोन गोळ्या टाकल्या की कपडे किडीपासून सुखरूप.

अभ्यासाच्या टेबलाला एक जुगाड आहे. डोंबिवली-कल्याणकडे जुन्या इमारती पाडल्या जातात, त्यांची दारं-खिडक्या जुन्या सामानाच्या वखारीत येतात. असं एक दार दोन बुटक्या रॅकवर आडवं टाकलं की दोघांना शेजारी-शेजारी बसता येईल एवढं टेबल होतं. जमिनीपासून उंची पाऊण मीटर ठेवा, साधारण प्लॅस्टिकच्या खुर्चीला ती जुळते. दार जड असतं, चौथ्या मजल्यावर चढवायला मित्र लागतात. आणि वाळवीची भोकं आहेत का, ते उन्हात उभं करून बघूनच उचला.

झोपेवर मात्र कंजूसपणा नको. बजेटातला निम्मा पैसा इथे गेला तरी चालेल. ओल्या दिवसांत फरशीवर थेट गादी टाकली की अंगाची ऊब आणि घाम खाली थंड फरशीपाशी जाऊन अडकतो. आठवड्याभरात गादीच्या पोटाला बुरशीचे ठिपके येतात, आणि सर्दी-खोकल्याचं बिल गादीपेक्षा मोठं होतं. म्हणून लोखंडी फोल्डिंग पलंग घ्या, पट्ट्यांचा किंवा नवारीचा. खालून हवा खेळते आणि पलंगाखाली बॅगा राहतात. पट्ट्या सैल पडल्या तर पुन्हा ओढून घेता येतात. प्लायवूडचा तळ असलेला फोल्डिंग पलंगही मिळतो, तो नको. पलंगाला पैसे नसतील तर निदान दोन जाड चटया आणि त्यावर गादी, आणि रोज सकाळी गादी गुंडाळून उभी करायची. गादी कापसाची घेणार असाल तर गादी कारखान्यात समोर भरून घ्या. आत नवा कापूस आहे की चिंध्यांचा भुगा, ते तेव्हाच दिसतं. कापसाच्या गादीला ऊन लागतं आणि जुलैत ऊन नसतं, ही तिची खोड. इथल्या पावसाळ्यात फोमची घडीची गादी आणि वर आईने दिलेली गोधडी, ही जोडी जास्त व्यवहारी. गोधडी धुता येते, पंख्याखाली वाळते.

वाळण्यावरून आठवलं, तिघांच्या खोलीतला खरा शत्रू म्हणजे ओले कपडे. कपड्यातलं पाणी नाहीसं होत नाही, हवेत जातं. खिडकी बंद असेल तर तेच गादीत, पुस्तकांत आणि भिंतीत शिरतं. त्यामुळे दोरी खिडकीजवळ आणि पंख्याच्या वाऱ्याच्या वाटेवर बांधायची, खिडकी बोटभर तरी उघडी ठेवायची आणि दोन कपड्यांमध्ये वीतभर अंतर सोडायचं. छताला टांगायची पुली मिळते, पण तिला भोकं पाडावी लागतात. आधी मालकाला विचारा. जीन्स पावसाळ्यात कमीत कमी वापरा. जीन्सचे कारखाने शेजारी उल्हासनगरातच असले तरी त्यांचं ओझं दोरीवर कशाला?

विजेचं गणित पाच मिनिटांचं आहे, पण ते न केल्याने बोर्ड जळतात. भिंतीतलं साधं सॉकेट सहा अँपिअरचं असतं. २३० व्होल्टला ते जेमतेम १,३८० वॉट झेलतं. इंडक्शन शेगडी १,६०० ते २,००० वॉट ओढते. ती साध्या एक्स्टेंशनवर लावली तर प्लग वितळतो. शेगडी आणि पाणी तापवायचा रॉड फक्त मोठ्या, सोळा अँपिअरच्या सॉकेटला, आणि दोन्ही एकाच वेळी नाही. रॉड लोखंडी बादलीत कधीच घालू नका. बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही.

साधा पंखा ७५ वॉटचा. रोज सोळा तास चालला तर महिन्याला ३६ युनिट. बीएलडीसी पंखा तीसेक वॉटचा, म्हणजे १५ युनिटांच्या आत. पण तो महाग असतो, आणि बहुतेक खोल्यांत मालकाचा पंखा टांगलेलाच असतो, तेव्हा त्यासाठी खिसा रिकामा करू नका. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपुढे दर एकदम चढतो, एवढं मात्र तिघांनाही माहीत असू द्या. दिवे एलईडीच घ्या. खोलीला एक पांढरी वीस वॉटची पट्टी आणि अभ्यासाच्या जागी नऊ वॉटचा पिवळसर बल्ब पुरतो. पावसाळ्यात वीज जाते, त्यासाठी आत बॅटरी असलेला एक बल्ब घ्या. रंगीत माळा नंतर बघू.

पडद्याला उल्हासनगरचे जपानी बाजार आणि गजानन मार्केट आहेतच. तयार पडदा घेण्यापेक्षा कापड घ्या आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून शिवून घ्या. चुण्या पडायला कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट लागतं. भोकं पाडायची नसतील तर स्प्रिंगचा रॉड दोन भिंतींत अडकतो. पश्चिमेच्या खिडकीला जाड, फिक्या रंगाचं कापड हवं. एप्रिलमध्ये बदलापूरचा पारा चाळिशीपार जातो, आणि परीक्षाही तेव्हाच असतात.

सजावटीला पैसे कमी आणि हात जास्त लागतात. वारली चित्रं याच जिल्ह्यातली. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू-जव्हार ठाण्यातच होतं. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने, बांबूच्या चावून मऊ केलेल्या काडीने लग्नाचा चौक काढण्याची ही रीत. मूळची बायकांची. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणि कापडावर आणली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मालकाच्या भिंतीवर काही काढायचं नसतंच. मांजरपाटाचा तुकडा गेरूत रंगवा, वाळवा, वर पांढऱ्या पोस्टर कलरने काढा आणि दोरीवर चिमट्याने टांगा. ओल आली तर काढून ठेवता येतो, आणि जाताना बरोबर नेता येतो. छापील पोस्टर जुलैत गोल गुंडाळून खाली पडतात.

पैशाबद्दल दोन गोष्टी. मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी खोली घेण्याआधी समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करावा. तिथे राहणं, जेवण, अंथरूण-पांघरूण मोफत असतं. प्रवेश मिळाला नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-ठाण्यासारख्या मोठ्या शहरांत ती वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत जाते, लहान गावांत रक्कम कमी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. मात्र हे पैसे पहिल्याच महिन्यात खात्यात येतील असं धरून उधारीवर सामान उचलू नका.

दुसरी गोष्ट, सामान वर्गणीतून घेऊ नका. रॅक एकाचा, टेबल दुसऱ्याचं, बादल्या-शेगडी तिसऱ्याची, असं नावावर घ्या आणि किमती कमी-जास्त झाल्या तर भाड्यात सांभाळून घ्या. वर्षअखेरीला एक पलंग तिघांत कापता येत नाही.

आणि करार नोंदवलेला आहे ना, हे टेम्पो बोलावण्याआधी बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तशी नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे. पहिल्या दिवशी चारही भिंतींचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. मे महिन्यात खोली सोडताना पलंग-रॅक भंगारवाल्याला देऊ नका, तो किलोच्या भावाने घेतो. कुणाच्या माळ्यावर महिनाभर ठेवा. जूनच्या अखेरीला कॉलेजच्या फाटकापाशी चिठ्ठी लावली की गिऱ्हाईक चालत येतं.