काखेत कळसा, मेलला वळसा

“बाहेरून सगळ्यांचे मेल येतात. फक्त आपल्याच वेबसाइटवरचा फॉर्म कुणी भरला की तो मेल येत नाही. म्हणजे गुगलच अडवतंय ना?”

हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी माझ्या कानावर पडतो. वेबसाइट एका होस्टिंगवर आणि मेल गुगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा झोहोकडे, अशी मांडणी आता छोट्या दुकानदारांकडेही सर्रास दिसते. मेल येईना झाला की माणसं फॉर्मचं प्लगइन तीनदा बदलतात, स्पॅम फोल्डर उपसतात, गुगलच्या नावानं बोटं मोडतात. गुगलला बिचाऱ्याला त्या मेलचा पत्ताच नसतो. मेल होस्टिंगच्या सर्व्हरबाहेर पडलेलाच नसतो.

गैरसमज: एमएक्स रेकॉर्ड गुगलचं केलं, आता माझ्या डोमेनचा प्रत्येक मेल गुगलकडेच जाणार.

वस्तुस्थिती: बाहेरून येणारा जाईल. घरातून निघालेला जाईलच असं नाही.

एमएक्स रेकॉर्ड म्हणजे डीएनएसमध्ये लावलेली पाटी. ‘या डोमेनचं टपाल अमुक सर्व्हरवर द्या,’ एवढंच ती सांगते. १९८६ च्या जानेवारीत आरएफसी ९७४ या इंटरनेटच्या नियमपत्रानं ही सोय केली. पण पाटी वाचतो तो परका. सीपॅनेलच्या होस्टिंगवर टपाल हाताळणारा एक्झिम पत्ता हाती आला की आधी स्वतःची यादी काढतो: हे डोमेन आपल्याचकडचं का? यादीत नाव सापडलं की तो एमएक्स विचारायला जात नाही. आपल्याच घराचा पत्ता कोण कशाला विचारेल? मेल तिथल्याच मेलबॉक्सात पडतो आणि नोंदवहीत ‘पोचला’ असं लिहिलं जातं. सर्व्हरच्या लेखी काम फत्ते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात कोकणातल्या एका आंबा बागायतदारांचा फोन आला. अक्षय्य तृतीया होऊन आठवडा झाला होता.

“यंदा वेबसाइटवरून एकही गिऱ्हाईक नाही हो. लोकांना हापूस नकोसा झाला काय?”

“काका, मेल गुगलवर कधी नेलात?”

“मार्चमध्ये. भाच्यानं नेला. त्यानं तपासलं सगळं, त्याच्या जीमेलवरून पाठवलेला मेल लगेच आला की!”

होस्टिंगवरचा जुना ‘इन्फो’ मेलबॉक्स उघडला. बेचाळीस मेल, एकही वाचलेला नाही. सगळ्यात वरचा डोंबिवलीहून: ‘पाच डझनाच्या दोन पेट्या तृतीयेच्या आत मिळतील का?’ काका फोनवर काही क्षण गप्पच झाले.

भाच्याची चूक एवढीच की त्यानं चाचणी बाहेरून घेतली. बाहेरून घेतलेली चाचणी नेहमीच पास होते. म्हणूनच हा गैरसमज मरत नाही. चाचणी घ्यायची ती फॉर्ममधूनच.

जुना मेलबॉक्स आधीच काढून टाकला असेल तर आणखी मजा. मग सर्व्हर ‘असा कुणी इथे राहत नाही’ म्हणतो आणि तो नकाराचा मेल बहुतेकदा होस्टिंग खात्याच्या अशा मेलबॉक्सात पडतो, जो मालकानं जन्मात उघडलेला नसतो. शिवाय शेअर्ड होस्टिंगवर त्याच सर्व्हरवरचे शेजारी तुम्हाला मेल पाठवतात, तेव्हा त्यांचे मेलही याच खड्ड्यात जातात. होस्टिंग बदललं, पण जुन्या कंपनीकडचं खातं अजून जिवंत आहे? मग तिथल्या शेजाऱ्यांचे मेल अजूनही तिथेच साचत असणार.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. सीपॅनेलमध्ये ‘ईमेल राउटिंग’ उघडा, ‘लोकल मेल एक्स्चेंजर’ऐवजी ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ निवडा. आधी खात्री हवी असेल तर ‘ट्रॅक डिलिव्हरी’ बघा. मेल कुठे टाकला ते तिथे दिसतं. साचलेले मेल मात्र आपण होऊन गुगलकडे चालत जात नाहीत, ते हातानंच उपसावे लागतात.

एवढं करूनही फॉर्मचा मेल स्पॅममध्ये गेला तर ‘प्रेषक’ बघा. बरेच फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता प्रेषक म्हणून लावतात. म्हणजे भरणाऱ्याचा पत्ता याहूचा असेल तर तुमचा सर्व्हर याहूच्या नावानं पत्र धाडतो, आणि अशी पत्रं नाकारा असं याहूनं डीमार्कमधून, म्हणजे डीएनएसमधल्याच आणखी एका पाटीतून, एप्रिल २०१४ पासून जगाला सांगून ठेवलंय. प्रेषक तुमच्याच डोमेनचा ठेवा, गिऱ्हाइकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये.

आता उरलेले गैरसमज, थोडक्यात.

‘दोन एसपीएफ रेकॉर्ड लावली की दुप्पट भक्कम.’ उलट. एसपीएफ म्हणजे तुमच्या नावानं मेल कुणी पाठवायचा याची यादी. आरएफसी ७२०८ नुसार एका डोमेनला एकच एसपीएफ रेकॉर्ड. दोन सापडली तर तपासणी चूक म्हणून संपते. होस्टिंग आणि गुगल, दोघांची नावं एकाच ओळीत घाला.

‘जुन्या होस्टिंगचं एमएक्स बॅकअप म्हणून राहू द्या.’ राहू दिलंत तर अधूनमधून काही मेल तिकडे जातील, आणि कोणते ते कळणारही नाही.

‘काहीही बदललं की ४८ तास थांबायचं.’ एमएक्सच्या जुन्या नोंदीवर टीटीएल, म्हणजे नोंद जपून ठेवण्याची मुदत, किती सेकंद लिहिलाय, तेवढंच थांबायचं. १४,४०० असेल तर चार तास. डॉट कॉमचे नेमसर्व्हर बदलले तर मात्र ४८ तास धरा, तिथला टीटीएल १,७२,८०० सेकंदांचा असतो.

‘नेमसर्व्हर बदलले की फक्त वेबसाइट हलते.’ सगळं डीएनएस हलतं. नव्या जागी एमएक्स, एसपीएफ, डीकिम आधी लिहा, मग हलवा.

‘मेल परत आला म्हणजे सर्व्हर बिघडला.’ आकडा वाचा हो! ४ ने सुरू होणारा म्हणजे ‘नंतर या’, आणि पाठवणाऱ्या सर्व्हरनं किमान चार-पाच दिवस खेटे घालावेत असं आरएफसी ५३२१ सांगतं. ५ ने सुरू होणारा म्हणजे ठाम नकार; कारण त्याच ओळीत पुढे लिहिलेलं असतं.

तेव्हा गुगलवर खापर फोडण्याआधी होस्टिंगवरचा जुना मेलबॉक्स एकदा उघडा. आत कुणीतरी पेटी मागून उत्तराची वाट बघत बसलेलं असेल.