कुंपणाने शेत खाऊ नये म्हणून

नालासोपारा पूर्वेला उतरून आचोळ्याच्या रस्त्याला लागलात, तर गाव कुठे संपले आणि शहर कुठे सुरू झाले हे आता सांगता येत नाही. पण महसुली दप्तरात 'मौजे आचोळे' अजून जागेवर आहे. याच मौजे आचोळ्यातील सर्व्हे क्रमांक २२ ते ३० या जमिनीवर, अग्रवाल नगरी भागात, ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या होत्या. सुमारे ६० एकरांचा हा पट्टा. त्यात खासगी मालकीची जमीन होती, तसेच सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेली जागाही होती. जमीनमालक उच्च न्यायालयात गेला. जुलै २०२४ मध्ये इमारती पाडण्याचा आदेश झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाडकाम सुरू झाले आणि २०२५ च्या सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्या ४१ इमारती जमीनदोस्त झाल्या. दोन हजारांहून अधिक कुटुंबे उघड्यावर आली.

गुन्हा कुणाचा, हे तपास आणि न्यायालये ठरवतील. आपण शेतकरी मंडळींनी आणि गावकारभाऱ्यांनी वेगळाच प्रश्न विचारायला हवा. या एका जागेत किती जण बुडाले बघा. ज्याची जमीन होती तो वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिला. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून खोली घेतली त्यांचे घर गेले. आणि सांडपाण्याची सोय ज्या जागेवर व्हायची ती जागा अडकली, म्हणजे सगळ्या गावाचे नुकसान झाले.

बरे, कायदे नव्हते का? कायद्यांची तर रास पडली आहे. जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. प्रादेशिक व नगररचना अधिनियमही १९६६ चाच. वसई-विरार पट्ट्यासाठी १९९० मध्ये सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमले गेले. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून महानगरपालिका झाली. साध्या माणसाला घराची भिंत वाढवायची तर दहा दारे ठोठवावी लागतात. आणि तिथे बहुमजली ४१ इमारती उभ्या राहिल्या तरी राखणदाराला जाग आली नाही! आपल्याकडे म्हण आहे ना, कुंपणच शेत खातं. ते टाळायचे कसे, याचा विचार जगात ज्यांनी सर्वांत आधी नीट मांडला, त्या विचाराला उदारमतवाद म्हणतात. आज निवडणुका आल्या-गेल्या तरी त्याचे नाव कुणी घेत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

विचार परका नाही

उदारमतवाद म्हणजे 'ज्याला जे वाटेल ते करू द्या' असे नव्हे. त्याचा गाभा तीन गोष्टींत सांगता येतो. पहिली, माणसाचा जीव आणि त्याच्या कष्टाची मालमत्ता त्याची. राजालाही ती मनमानीने घेता येणार नाही. दुसरी, कायदा सर्वांना एक. आमदाराला, बिल्डरला आणि कुळाला वेगवेगळा नाही. तिसरी, आपला माल कुणाला आणि कितीला विकायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. सरकारने मोजकीच कामे हाती घ्यावीत, पण ती चोख करावीत. राखणदाराने कुंपण सांभाळावे, घरात येऊन भाजीत मीठ किती घालायचे ते सांगू नये.

इंग्लंडात जॉन लॉकने सतराव्या शतकात आणि स्कॉटलंडच्या अॅडम स्मिथने १७७६ मध्ये हे मांडले. पण महाराष्ट्रातही ही वाट जुनी आहे. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रातून शतपत्रे लिहिली, ती लोकांनी रूढी आणि राज्यकारभार यांकडे स्वतःच्या डोक्याने पाहावे म्हणूनच. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून सरकारी कामगारांच्या हाती कुणबी कसा नाडला जातो ते चव्हाट्यावर मांडले. मात्र फुले किंवा न्यायमूर्ती रानडे यांनी विलायती पोथी जशीच्या तशी उचलली नाही. फुल्यांना सरकारकडून शिक्षण आणि पाणी हवे होते. रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात, विलायतेचे अर्थशास्त्र हिंदुस्थानला सरसकट लागू पडत नाही, असे स्पष्ट मांडले होते. असा तोलूनमापून घेतलेला विचार आपल्या मातीतला आहे.

मालकीचा हक्क कुठे गेला?

राज्यघटना आली तेव्हा मालमत्तेचा हक्क मूलभूत होता. १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि नववे परिशिष्ट जन्माला आले. त्यात घातलेला कायदा मूलभूत हक्कांच्या कारणावरून कोर्टात पाडता येणार नाही, अशी तजवीज झाली. त्यातल्या यादीत दुसराच कायदा आपला, म्हणजे मुंबईचा १९४८ चा कुळकायदा. पुढे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. आता तो कलम ३०० क मध्ये आहे. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता घेता येणार नाही, एवढेच ते कलम म्हणते.

याचा फटका कुणाला बसला? शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा १९६१ चा कायदा आजही लागू आहे. बारमाही पाण्याच्या जमिनीला १८ एकर, कोरडवाहूला ५४ एकर. शहरी जमिनीवरही १९७६ मध्ये मर्यादा घातली होती, पण ती महाराष्ट्राने २००७ मध्ये उठवली. म्हणजे शहरातल्या जमिनीची मर्यादा गेली आणि शेतकऱ्याची तेवढी राहिली! मर्यादा असावी की नसावी यावर मतभेद असू शकतात. पण एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, हे 'कायदा सर्वांना एक' या तत्त्वात कसे बसते, ते सांगा पाहू.

१९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने सहकारी संयुक्त शेतीचा ठराव केला, तेव्हा शेतकऱ्याची मालकी जाईल म्हणून राजाजी, मिनू मसानी आणि शेतकरी नेते एन. जी. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. १९६७ मध्ये त्याचे ४४ खासदार लोकसभेत होते. पण १९७४ मध्ये तो भारतीय लोकदलात विलीन झाला. मात्र त्याने विचारलेला प्रश्न संपला नाही.

बाजारातले स्वातंत्र्य

तो प्रश्न महाराष्ट्रात शरद जोशी यांनी उचलला. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले, आणि कांद्याच्या आंदोलनातून शेतकरी संघटना उभी राहिली. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही तिची घोषणा. तिचा अर्थ बारकाईने लक्षात घ्या. सरकारने आम्हाला द्यावे, ही मागणी नव्हती. सरकारने आमच्या मालाचा भाव पाडू नये, ही होती. १९८६ च्या चांदवड अधिवेशनात हजारो शेतकरी बायका आल्या. पुढे 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी जमीन बायकोच्या नावावर केली. मालकीचा हक्क घरात बाईलाही पोचवणारी ही चळवळ होती. १९९४ मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. तो निवडणुकीच्या राजकारणात मोठा झाला नाही, हेही खरेच.

पण त्यांचे म्हणणे खोटे ठरले का? कांद्याचेच बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद केली. ती मे २०२४ मध्ये उघडली, तीही शुल्क ठेवून. ते शुल्क पूर्ण गेले १ एप्रिल २०२५ पासून. कांदा पिकवणाऱ्याने भाव वाढेल म्हणून चाळीत माल ठेवायचा आणि दिल्लीच्या एका अधिसूचनेने तो कवडीमोल व्हायचा. मग कर्जमाफी द्यायची आणि आभाराचे फलक लावायचे. आधी खिसा कापायचा आणि मग त्यातलीच चार नाणी परत द्यायची, असला हा उफराटा व्यवहार.

उलट आपल्या वसईकडे बघा. भाजी, फुले, केळी घेऊन लोकलने मुंबई गाठणाऱ्या बायाबापड्यांनी पिढ्यान्पिढ्या संसार चालवले. दारात जाऊन विकायचे, भाव आपण सांगायचा. फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून राज्याने २०१६ मध्ये मोकळा केला, त्याच्या किती तरी आधीपासून वसईकरांना ही युक्ती ठाऊक होती.

दुसरी बाजूही ऐका

आता कुणी म्हणेल, मालकी आणि मोकळा बाजार म्हणजे सावकाराला रान मोकळे. ही शंका बिनबुडाची नाही. आपल्या पालघर जिल्ह्यात तर मुळीच नाही. आदिवासींच्या जमिनी दारूच्या बाटलीवर आणि अंगठ्यावर गेल्या, म्हणून तर जमीन महसूल अधिनियमात कलम ३६ आणि ३६ अ आले. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणारा जमिनीचा मालक मानला गेला, तेव्हा राबणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा काही आले. हे उदारमतवादाच्या विरुद्ध आहे का? नाही. कुळकायद्याने तर लाखो नवे मालक घडवले. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही कसणाऱ्याच्या हक्कावर शिक्कामोर्तब केले. फसवणूक आणि बळजबरी रोखणे हे राखणदाराचे पहिलेच काम आहे. करार दोन्ही बाजूंनी समजून-उमजून केलेला असेल, तरच तो करार.

पण संरक्षण म्हणून घातलेली दोरी पुढे गळ्याला आवळू नये. कुळकायद्यात मिळालेली जमीन विकायला कलम ४३ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागे, आणि त्या परवानगीचाही एक धंदा झाला. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा भरून व्यवहार करता येतो. ज्यांना हे माहीत नाही ते आजही दलालाला पैसे मोजतात.

कोर्ट काय म्हणते

मूलभूत नसला तरी हा हक्क मेलेला नाही. हिमाचलातल्या विद्यादेवी नावाच्या निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी घेतली. ना नोटीस, ना मोबदला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता हा मानवी हक्क असल्याचे सांगून भरपाईचा आदेश दिला. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या खटल्यात न्यायालयाने जमीन घेताना पाळायच्या सात गोष्टी सांगितल्या: नोटीस, म्हणणे ऐकणे, कारणांसह निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, रास्त मोबदला, वेळेत कार्यवाही आणि प्रकरणाचा शेवट. ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने निकाल दिला की प्रत्येक खासगी मालमत्ता 'समाजाची साधनसंपत्ती' म्हणून धरता येणार नाही. हा खटला महाराष्ट्रातूनच, मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या वादातून गेलेला. बुलेट ट्रेन, द्रुतगती मार्ग, वाढवण बंदर यांच्या नोटिसा ज्या जिल्ह्यात फिरतात, तिथे हे सात शब्द सरपंचाला तोंडपाठ हवेत.

आपल्या हातात काय आहे?

शेतकऱ्यांनी दर हंगामाला आपला सात-बारा काढून फेरफार तपासावा. तो आता संगणकावर, डिजिटल सहीने मिळतो. फेरफाराची नोटीस आली तर पंधरा दिवसांत हरकत द्यायची असते, ती लेखी द्या आणि पोच घ्या. जमिनीवर विकास आराखड्याचे आरक्षण आहे आणि दहा वर्षांत ती संपादन केली नाही? नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते.

गावकारभाऱ्यांनी एवढे करावे. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि ग्रामपंचायत यांनी गावातली आरक्षणे सर्व्हे नंबरांसह फलकावर लावावीत. खोली घेणारा गरीब माणूस कार्यालयांच्या चकरा मारू शकत नाही, पण फलक वाचू शकतो. पाया खणताना केलेला एक पंचनामा, सातव्या मजल्यानंतरच्या बुलडोझरपेक्षा स्वस्त पडतो.

आणि आपण सर्वांनी, मत मागायला येणाऱ्याला 'काय देणार?' हे विचारणे थोडे कमी करावे. वसई-विरारमध्ये २०२० ला मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभारी होते. जाब विचारायला सभागृहच नव्हते. तेव्हा दाराशी येणाऱ्याला विचारा: आमच्या मालाच्या आड येणारा कोणता कायदा काढणार? आमच्या सात-बाऱ्याची राखण कशी करणार? आणि राखणदारच चोराला मिळाला तर त्याला शिक्षा कोण करणार? पक्ष कुठलाही असो, याचे सरळ उत्तर जो देईल, त्याच्या हाती कुंपणाची किल्ली द्यायला हरकत नाही.