चुकीला रकाना देणारा खेळ

भुसावळहून वरणगावकडे निघालं की महामार्गालगत दीपनगरच्या चिमण्या दिसू लागतात. त्या चिमण्यांखाली माझी नोकरी गेली. ‘गेली’ म्हणजे सुखाने सरली; मी निवृत्त झालो. पण रात्रपाळीने अंगात मुरवलेलं जागरण काही निवृत्त झालं नाही. एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत पहाटे चारला मी उठतो, चहा ठेवतो, रेघा मारलेला एक कागद पुढ्यात ओढतो, पेन्सिलीला टोक काढतो आणि अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराचा बेसबॉल सामना लावतो. तिकडे संध्याकाळचे पावणेसात वाजत आलेले असतात.

संघाचं नाव पायरेट्स, म्हणजे समुद्री चाचे. शेजारी फिरायला निघताना खिडकीतून विचारतात, “काय भो, हरले का तुमचे चोर?” बहुतेक वेळा हरलेलेच असतात. २०२५च्या हंगामात त्यांनी ७१ सामने जिंकले आणि ९१ हरले. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं त्यांचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते. अशा संघाच्या नादाला शहाण्या माणसाने का लागावं, याचं उत्तर मी घरी अजून देतोच आहे. या लेखात ते तुम्हालाही देऊन पाहतो.

आधी खेळ कसा असतो ते उरकून घेऊ. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू आणि नऊ डाव. प्रत्येक डावात तीन गडी बाद झाले की पाळी बदलते. चेंडू फेकणारा पिचर साडेसाठ फुटांवरून चेंडू टाकतो, टप्पा न पाडता. तीन स्ट्राइक झाल्या की फलंदाज बाद. चार चेंडू बाहेर पडले की त्याला पहिला बेस फुकट. चौकोनाच्या कोपऱ्यांवरचे बेस नव्वद-नव्वद फुटांवर असतात, आणि सगळे फिरून घरी आलात की एक धाव. चेंडूवर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात. हा आकडा जपमाळेचा आहे हे पिचर लोकांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. बाकीचे नियम बघता बघता कळतात. आपल्याकडे पोरं गिल्ली-दांडू नियमावली वाचून थोडीच शिकली?

आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या वाचकाला हे फार परकं वाटू नये, कारण बेसबॉलचा धाकटा भाऊ सॉफ्टबॉल इथल्या शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर खेळला जातो. त्याचा चेंडू मोठा, बारा इंच घेराचा (बेसबॉलचा नऊ), तो खालून फेकायचा, आणि डाव सात. मोठा भाऊ मात्र आपल्या दारापर्यंत येऊन परत गेला. १८८८-८९ मध्ये स्पाल्डिंग नावाच्या क्रीडासाहित्याच्या व्यापाऱ्याने दोन अमेरिकन संघ जगभर फिरवले. ते कोलंबोला खेळले आणि हिंदुस्थानात न उतरता इजिप्तला जाऊन पिरॅमिडपाशी खेळले. बोट मुंबईला लागली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी रात्रपाळीत पुष्कळ केला आहे.

माझी गाठ पडली ती एका बातमीमुळे. २००८ मध्ये भारतात एक स्पर्धा झाली: सर्वांत वेगाने आणि अचूक चेंडू फेकणारा मुलगा शोधायचा. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले. दोघांनी तोपर्यंत बेसबॉल हातातही धरला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. २००९च्या जुलैमध्ये रिंकूच्या नावावर संघाच्या खालच्या पायरीवरचा एक विजय लागला. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमधला तो भारतीय पिचरचा पहिला विजय. दोघांपैकी कोणीही वरच्या संघापर्यंत पोहोचलं नाही. रिंकू पुढे व्यावसायिक कुस्तीत गेला. त्यांच्यावर २०१४ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ हा चित्रपट आला, संगीत ए. आर. रहमान यांचं. ती पोरं गेली, पण मी त्यांच्या मागोमाग त्या संघात शिरलो तो बाहेर पडलोच नाही.

आता खरं सांगतो. मला धरून ठेवलं ते खेळाने नव्हे, त्याच्या लॉगशीटने.

कंट्रोल रूममध्ये माणूस आयुष्यभर एकच गोष्ट करतो: दर तासाला रीडिंग घेतो आणि रकान्यात भरतो. वाफेचा दाब, तापमान, लोड, व्हॅक्यूम. चार्ज देताना पुढच्या माणसाला ते पान वाचून रात्र कशी गेली हे कळलं पाहिजे. बेसबॉलचा स्कोअरकार्ड तसाच असतो. प्रत्येक फलंदाजाला प्रत्येक डावात एक चौकट. क्षेत्ररक्षकांना त्यांच्या जागेवरून ठरलेले आकडे: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, आणि दूरचे तिघे डावीकडून ७, ८, ९. चौकटीत ‘६-४-३’ एवढं लिहिलं की अख्खं चित्र उभं राहतं: शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्याला, दोन गडी बाद. तीन स्ट्राइकवर बाद झाला तर इंग्रजी ‘के’. बॅट न फिरवता नुसता बघत राहून बाद झाला तर तोच ‘के’ उलटा, आरशातला. त्या फलंदाजाची फजिती एका अक्षराच्या तोंड फिरवण्यात!

ही लिपी रुजवणारा माणूस क्रिकेटचा वार्ताहर होता, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. हेन्री चॅडविक, जन्म १८२४, इंग्लंडमधलं एक्झेटर. लहानपणी अमेरिकेला गेला, तरुणपणी क्रिकेटच्या बातम्या लिहिल्या आणि तिकडच्या धावफलकाची शिस्त या नव्या खेळाला लावली. पुढे बेसबॉलच्या सन्मान-दालनात त्याची निवड झाली. आयुष्यात त्याची ख्याती चेंडू मारण्याची नव्हे, लिहिण्याची.

आणि या लिपीत एक रकाना असा आहे की तो पाहून मी पहिल्यांदा दचकलो. मैदानावरच्या फलकावर प्रत्येक संघापुढे तीन आकडे असतात: धावा, हिट्स (म्हणजे फटका मारून कमावलेले बेस) आणि चुका. सुटलेला झेल, वाकडी फेक, पायातून गेलेला चेंडू. अधिकृत स्कोअरर ठरवतो की साधारण प्रयत्नात हे व्हायला हवं होतं, आणि मग तिसऱ्या बेसवाल्याची चूक असेल तर ‘ई-५’ अशी नोंद होते. हजारो लोकांसमोर, दिव्यांच्या आकड्यांत. आपल्या क्रिकेटमध्ये झेल सुटला की लोक शिव्या देतात, पण धावफलक काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी कागद पाहणाऱ्याला तो झेल कधी उडालाच नव्हता असं वाटेल.

नोकरीच्या सुरुवातीला, दीपनगरला येण्यापूर्वी, मी एकदा आठचं रीडिंग सव्वासातलाच भरून ठेवलं होतं. आकडे रात्रभर तेच होते, म्हटलं आताही तेच असतील. वरिष्ठांनी पान पाहिलं, मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “खोडू नको. शेजारी खरं काय ते लिही आणि सही कर.” ती सही अजून हाताला आठवते. म्हणून ‘ई-५’ पाहून मला आपला माणूस भेटल्यासारखं झालं.

या ‘ई-५’ची सर्वांत मोठी गोष्ट पायरेट्सचीच आहे. ती सांगायला मी हा लेख घेतला, हे संपादकांना एव्हाना कळलं असेल.

२६ मे १९५९. मिलवॉकीचं मैदान. पायरेट्सचा पिचर हार्वी हॅडिक्स. अंगकाठी लहान, त्या दिवशी सर्दीने बेजार. समोर हँक ॲरन, एडी मॅथ्यूज अशी फलंदाजी. पहिला डाव, तिघे आले, तिघे गेले. दुसरा, तसाच. नऊ डावांत २७ आले, २७ बाद. एकही पहिल्या बेसवर पोहोचला नाही. याला ‘परफेक्ट’ सामना म्हणतात आणि असा सामना टाकून झाला की पिचरला खांद्यावर घेतात. पण हॅडिक्सच्या संघाला धावच काढता येत नव्हती. पलीकडचा ल्यू बर्डेट हिट्स देत होता, धाव देत नव्हता. दहावा डाव, अकरावा, बारावा. ३६ आले, ३६ बाद.

या सामन्याचा स्कोअरकार्ड मी स्वतः रेघा मारून पुन्हा लिहून काढला आहे. बारा डावांचा मिलवॉकीचा कागद म्हणजे काय सांगू! एकाही चौकटीत बेसची रेघ पुढे सरकत नाही. रात्रभर एकही अलार्म न वाजलेल्या शिफ्टचं पान.

तेरावा डाव. मॅंटिया नावाच्या फलंदाजाने साधा चेंडू तिसऱ्या बेसकडे मारला. डॉन होकने तो उचलला आणि पहिल्या बेसला फेकताना फेक वाकडी गेली. ई-५. मॅथ्यूजने स्वतः बाद होऊन धावकाला पुढे सरकवलं. ॲरनला मुद्दाम चार बाहेरचे चेंडू देऊन बेसवर जाऊ दिलं. मग जो ॲडकॉकने चेंडू कुंपणापलीकडे मारला. त्यातही गोंधळ: ॲरन मधूनच वळला, ॲडकॉक त्याच्या पुढे निघून गेला, म्हणून तीनऐवजी एकच धाव धरली गेली. अंतिम फलक: पायरेट्स ० धावा, १२ हिट्स, १ चूक, मिलवॉकी १ धाव, १ हिट, चुका शून्य.

बारा हिट्सचा संघ हरला, एका हिटचा जिंकला. या खेळाचे कारकून इतके काटेकोर, की ती धाव हॅडिक्सने ‘दिली’ असं धरत नाहीत. चुकीतून आलेली धाव पिचरच्या सरासरीत जात नाही. पराभव मात्र त्याच्याच नावावर. आणि १९९१ मध्ये व्याख्या कडक झाल्यावर त्याचं नाव बिनहिट सामन्यांच्या यादीतूनही निघालं. मला विचाराल तर हा अन्याय आहे. पण कागद मात्र कोणी बदलला नाही. तो वाचणाऱ्याला सगळं दिसतं.

हाच न्याय अजून चालू आहे. आमचा आताचा तरुण पिचर पॉल स्कीन्स २०२४ मध्ये सर्वोत्तम नवोदित ठरला. २०२५ मध्ये नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी १.९७ होती, दोनच्याही आत. आणि विजय-पराभव? दहा आणि दहा. संघाने त्याला धावाच दिल्या नाहीत. हॅडिक्सचं भूत आमच्या घरचंच आहे.

मुलगी शिकायला पिट्सबर्गला होती, तेव्हा एकदा आम्ही दोघं गेलो. ते गाव कोळशाचं आणि पोलादाचं. विमानातून उतरताच मला ओळखीचं वाटलं. ॲलेगेनी आणि मोनोंगहेला या नद्या तिथे मिळतात आणि ओहायो नदी होते. सौ. म्हणाली, “हे तर चांगदेवसारखंच की!” तापी-पूर्णेच्या संगमावर आमचं चांगदेवाचं देऊळ आहे, यांनी जवळच २००१ मध्ये मैदान बांधलं. सामन्याच्या दिवशी नदीवरच्या पिवळ्या पुलावर गाड्या बंद असतात आणि माणसं चालत येतात, वारीसारखी.

पुलाचं नाव रॉबर्टो क्लेमेंटे. हा पोर्तो रिकोचा खेळाडू पायरेट्ससाठी नेमके तीन हजार हिट्स करून गेला. १९७२च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाणारं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. पाठीवरचा त्याचा आकडा २१. मैदानाची उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे. सौ.ने त्या भिंतीला हात जोडले. मी नाही जोडले, पण टोपी काढली.

मधल्या विश्रांतीत माणसं पिरोगी नावाच्या पदार्थाचं सोंग घेऊन मैदानाच्या कडेने धावतात. पिरोगी म्हणजे बटाटा भरलेली करंजी. दिवाळीत आपल्या स्टेडियमवर करंज्या पळाल्या तर काय बहार येईल! शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारबाबा गुडघ्यावर कागद ठेवून पेन्सिलीने चौकटी भरत होते. मी माझा कागद काढला. एका चेंडूबद्दल आमचं जमेना: मी हिट लिहिलं, त्यांनी ‘ई-६’. फलकावर त्यांचं खरं ठरलं. त्यांनी खिशातला खोडरबर पुढे केला. मी घेतला नाही. शेजारी खरं लिहिलं आणि सही केली. आमचा संघ हरला, हे सांगायला नकोच.

हल्ली कॉलनीच्या मैदानावर पोरं सॉफ्टबॉल खेळतात तेव्हा मी कडेला बसून स्कोअर लिहितो. परवा तिसऱ्या बेसवरचा एक पोरगा सामना संपल्यावर कागदात डोकावला आणि तोंड पाडून म्हणाला, “काका, माझ्या नावापुढे हे ई का लिहून ठेवलं?” मग मी त्याला हॅडिक्सची गोष्ट सांगितली, होकच्या फेकीसकट.

“मग त्या होकला काढून टाकलं असंल ना?”

नाही. पुढच्या वर्षी, १९६० साली, पायरेट्स वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात न्यूयॉर्क यांकीजसमोर उभे होते. यांकीजनी त्या मालिकेत एकूण ५५ धावा काढल्या होत्या, आमच्यांनी २७. शेवटच्या डावात बिल मॅझरॉस्कीने चेंडू कुंपणापार मारला आणि पायरेट्स १०-९ असे जिंकले. विजय लागला तो त्या वेळी पिचर असलेल्या माणसाच्या नावावर: हार्वी हॅडिक्स. आणि तिसऱ्या बेसवर होता डॉन होक.

पोराने कागद पुन्हा एकदा पाहिला. “बरं, राहू द्या मग,” तो म्हणाला. “पण पेन्सिलनंच लिहा हं.”