अंजिराच्या बागेत नर झाड कुठे आहे?

दौलताबाद परिसरातला अंजीर जुना. खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरने तो इकडे आणला, असे सांगतात. ‘दौलताबाद’ नावाची अंजिराची जातही आहे. या बागांत नर झाड शोधूनही सापडत नाही. पुरंदरच्या बागांतही नसते, तरी झाडे लगडतात. कारण आपल्याकडच्या जाती परागीभवनाशिवायच फळ धरतात.

तुर्कस्तानातल्या स्मर्ना अंजिराचे तसे नाही. अंजीर म्हणजे आतून फुलांनी भरलेली पिशवी, तोंडाशी बारीक छिद्र. रानटी नर अंजिरात वाढलेली इवलीशी माशी त्या छिद्रातून पंख मोडत आत शिरते आणि तिच्या अंगावरचे पराग फुलांना लागतात. ती आलीच नाही तर स्मर्नाचे फळ कच्चेच गळते. म्हणून तिथले शेतकरी रानटी अंजीर छाट कलमांनी मुद्दाम वाढवतात आणि माश्या बाहेर पडायच्या बेताला त्याची फळे बागेतल्या फांद्यांवर टांगतात. कॅलिफोर्नियाने १८८०च्या दशकात स्मर्नाची कलमे नेली. झाडे वाढली, पण फळ टिकेना. फ्रेस्नोच्या जॉर्ज रोडिंग यांनी हाताने पराग घालून फळ धरवून दाखवले. १८९९मध्ये माशी तिथे रुजली तेव्हा बागा खऱ्या अर्थाने फळाला आल्या.

आपल्याकडचा रानटी भाऊ म्हणजे उंबर. पिकलेला उंबर फोडला की आतून काळ्या चिलटांसारख्या माश्या भुर्रकन निघतात. त्या उंबराच्याच, अंजिराच्या परागीभवनाला त्यांचा उपयोग नाही. उंबर उपयोगी पडतो तो मुळांसाठी. अंजिराच्या मुळांना सूत्रकृमींच्या गाठी येतात, उंबर त्यांना दाद देत नाही. म्हणून उंबराच्या खुंटावर अंजिराचा डोळा भरतात.

एरवी रोपे होतात छाट कलमावर. छाटणीतल्या पक्व काडीचे वीतभर तुकडे करायचे, प्रत्येकावर चार-पाच डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. कापताच पांढरा चीक ओघळतो. तो हाताला लागला की खाज सुटते, त्यामुळे जाणता माळी काड्या सावलीत ठेवून चीक वाळू देतो आणि मगच पिशवीत खोचतो. दोन डोळे मातीत, बाकीचे वर. पहिली पालवी काडीतल्या साठ्यावरच फुटते. ती पाहून मूळ धरले असे समजू नये. काडी उपटून पाहण्याचा मोह तर टाळावाच, कोवळी मुळे तेवढ्यानेही तुटतात.

परागीभवन झालेल्या अंजिरात बी भरते, दाताखाली खमंग लागते. सुक्या स्मर्ना अंजिराची ती खासियत. ती चव आपल्या शिवारात पिकवण्याचा मोह कुणालाही होईल. मात्र स्मर्नाचे रोप विकायला कुणी आले, तर पैसे मोजण्याआधी एवढे विचारा: सोबत नर झाड देता का, आणि त्यातली माशी कुठून आणणार?