स्वारगेटची फुलोरी

शिवजयंतीच्या सुमारास कुठल्या ना कुठल्या गडावर आग्या मोहोळ उठते आणि मग आठवडाभर मधमाशी म्हणजे डंख, एवढेच बोलले जाते. त्याच दिवसांत स्वारगेटला एसटीची वाट पाहताना रसवंतीपाशी थांबून बघा. उसाच्या चोथ्यावर बऱ्याचदा बारीक, तांबूस पोटाच्या माशा दिसतात. ही फुलोरी.

युरोपातली माशी थंडीभर पोळ्यात घोळका करून बसते, म्हणून तिकडे वसंतातल्या पहिल्या माशीचे अप्रूप. पुण्याचा गारठा फुलोरीला फार तर सकाळी उशिरा बाहेर काढतो. आपल्याकडे माशांचे नवे वर्ष फुलांवर ठरते. काटेसावर, पांगारा, पळस फुलतात, आंबा मोहोरतो, तळजाईवर गिरिपुष्प गुलाबी होते आणि वर्दळ एकदम वाढते.

आग्याचा बोलबाला मोठा, पण खरे नवल फुलोरीचे. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे एकच पोळे. मुंग्यांना रोखायला फांदीवर दोन्हीकडे चिकट डिंकाचा पट्टा. मधमाशीच्या नाचाची भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळाले. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी श्रीलंकेत फुलोरीचा नाच अभ्यासला. युरोपातली माशी अंधाऱ्या पेटीत उभ्या पोळ्यावर नाचते. तिथे सूर्य ‘वर’ आहे असे धरून फुलांच्या दिशेचा कोन सांगावा लागतो. फुलोरी मात्र पोळ्याच्या सपाट माथ्यावर, उघड्या आभाळाखाली नाचते आणि फुले ज्या दिशेला असतील तिकडेच तोंड करून धावते. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, पोळ्याचा माथा नजरेच्या टप्प्यात असला की पुरे! ज्या पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथल्या प्रत्येक शाळकरी मुलाने हा नाच एकदा तरी पाहायला हवा.

पोळे दिसताच फवारणी करणाऱ्या सोसायट्यांचे मला मुळीच पटत नाही. आग्यासुद्धा ऋतूप्रमाणे मुक्काम हलवते. फुलोरा ओसरला की बहुधा आपणहून निघून जाते. फुलोरी तर सहसा कोणाच्या वाटेलाही जात नाही. यंदा कुंपणावर छोटे पोळे दिसले तर औषधवाल्याला बोलावू नका, धूर करू नका. मुलांना चार पावलांवरून निवांत पाहू द्या.