पंधरा दिवसांचे पाहुणे, बारा महिन्यांच्या बाई



मार्च महिन्याची गोष्ट. आमच्या एका गटाची बैठक संपत आली होती. बचतीचे पैसे मोजून झाले, कर्जाचे हप्ते वहीत चढले, आणि एका ताईंनी पिशवीतून एक पत्रक काढलं. या ताई ख्रिस्ती आहेत. त्यांची बहीण पुण्यात इंग्रजीची शिक्षिका आहे. बहीण, तिचे यजमान, 14 वर्षांची मुलगी आणि 11 वर्षांचा मुलगा असे चौघं उन्हाळ्याच्या सुट्टीत थायलंडला निघाले होते. फिरायला नव्हे, तिथल्या निर्वासित मुलांना शिकवायला. त्यांची मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च, त्यासाठी वर्गणी गोळा करत होती. "सक्ती नाही, पण कोणाला द्यायचं असेल तर द्या," असं ताई म्हणाल्या.

लगेच प्रश्न सुरू झाले. एकीने विचारलं, "त्या मुलांना सरकारी शाळा नाही का?" दुसरी म्हणाली, "पंधरा दिवसांत काय शिकवून होणार?" तिसरी जरा दबकत म्हणाली, "म्हणजे धर्म वाढवायला चाललेत का?"

तिन्ही प्रश्न रास्त होते आणि मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. मग मी वाचलं, जाणकारांना विचारलं, आणि ते कुटुंब परत आल्यावर त्यांच्या घरी जाऊन बसले. जे कळलं ते आज तुम्हाला सांगते.

आधी ही मुलं कोण ते पाहू. थायलंडच्या पश्चिमेला म्यानमार आहे, आपला जुना ब्रह्मदेश. तिथे करेन नावाचा समाज राहतो. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात तिथलं सैन्य आणि करेन लोकांच्या संघटना यांच्यात लढाई पेटली आणि ती आजवर थांबलेली नाही. 1984 पासून माणसं सीमा ओलांडून थायलंडमध्ये राहू लागली. सीमेलगत अशा 9 छावण्या आहेत. सगळ्या मिळून लाखाच्या आसपास माणसं तिथे राहतात. सर्वांत मोठी छावणी माए ला. माए सॉट या गावापासून ती सुमारे 60 किलोमीटरवर आहे. डोंगराच्या पायथ्याशी बांबूची आणि पानांनी शाकारलेली घरं, एकाला एक लागून.

आज तिथे दहावी-अकरावीच्या वयाची जी मुलं आहेत, त्यांतली कित्येक छावणीतच जन्मली. 2021 च्या फेब्रुवारीत म्यानमारमध्ये सैन्याने सत्ता घेतली, तेव्हा आणखी लोंढे आले. 2024 मध्ये सक्तीची सैन्यभरती सुरू झाली. मुलगा अठराचा झाला की सैन्यात ओढतील, या भीतीने आईबापांनी पोरांना नदीपार पाठवलं. माए सॉटला लागून मोई नदी आहे, तीच सीमा.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. सरकारी शाळा नाही का? आहे. 2005 मध्ये थायलंड सरकारने ठरवलं की कागदपत्रं नसलेल्या मुलालाही शाळेत घ्यायचं. पण ती शाळा थाई भाषेत. पंधराव्या वर्षी सीमा ओलांडून आलेल्या मुलीने थाई भाषेत नववीचं विज्ञान कसं शिकावं? म्हणून छावण्यांत करेन लोकांनी स्वतःच्या शाळा चालवल्या आणि माए सॉटच्या आसपास स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी वेगळी शिक्षण केंद्रं उभी राहिली. अडचण अशी की या शाळांच्या दाखल्याला बाहेर फारशी किंमत नाही. त्यामुळे हुशार मुलं अमेरिकेची जीईडी नावाची परीक्षा देतात. गणित, विज्ञान, समाजशास्त्र आणि इंग्रजी भाषा असे चार विषय. ती पास झाली की थायलंडमधल्या काही विद्यापीठांचं दार उघडतं. सगळी परीक्षा इंग्रजीत. म्हणून तिथे इंग्रजी शिकवणाऱ्याची एवढी वाट पाहतात. ज्यांना हे जमत नाही, ती पोरं शेतात नाहीतर कपड्यांच्या कारखान्यात जातात.

थायलंडने निर्वासितांसाठीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. आपल्या देशानेही केलेली नाही, हेही लक्षात असू द्या. छावणीतल्या लोकांना बाहेर जाऊन काम करायला वर्षानुवर्षं बंदी होती. 2025 मध्ये अमेरिकेची मदत आटली, तेव्हा दवाखाने बंद पडले, शिधा तुटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थायलंड सरकारने या लोकांना बाहेर रीतसर काम करू द्यायचं ठरवलं. चाळीस वर्षांनी.

आता तिसरा प्रश्न आधी घेते, धर्माचा. मिशन म्हणजे धर्माचंच काम, ते लपवण्यात अर्थ नाही. पण या गोष्टीची मुळं जुनी आहेत आणि त्यातलं एक आपल्या मातीत आहे. 1812 मध्ये अमेरिकेतून काही तरुण मिशनरी जहाजाने निघाले. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. त्यांच्याच बरोबरचे अॅडोनिराम जडसन आणि त्यांच्या पत्नी अॅन त्याच वर्षी ब्रह्मदेशात रंगूनला पोहोचले. त्यांच्यामागून आलेल्या जोनाथन वेड यांनी 1830 च्या दशकात करेन भाषेला ब्रह्मी अक्षरांवरून लिपी करून दिली. करेन लोकांत ख्रिस्ती धर्म तेव्हापासून आहे. तरी बहुसंख्य करेन आजही बौद्ध आहेत, आणि माए ला छावणीत मुसलमान कुटुंबंही राहतात.

आपल्याकडे त्या मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार बाई 1827 मध्ये आल्या. आधी मुंबईला, मग अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये नगरलाच वारल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतल्याचं चरित्रकार सांगतात. बघा, फॅरार बाई 35 वर्षं राहिल्या. तरी गावोगावच्या मुलींपर्यंत शाळा गेली ती सावित्रीबाईंसारख्या इथल्याच बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या म्हणून. आणि सावित्रीबाईंनी आपला धर्म बदलला नाही, शिकवण्याची विद्या मात्र घेतली.

हे कुटुंब गेलं ते माए सॉटजवळच्या एका छोट्या शाळेत. छावणीत जायला सरकारचा पास लागतो, तो सहज मिळत नाही. एप्रिल-मे मध्ये तिथल्या शाळांनाही सुट्टी असते, म्हणून हा सुट्टीतला वर्ग. शाळेचा नियम होता, वर्गाच्या वेळेत फक्त अभ्यास. संध्याकाळी प्रार्थना होई, ज्याला यायचं त्याने यावं, न येणाऱ्याला विचारायचं नाही. मला हा नियम पटला. ज्याच्या हातून वही-पेन्सिल मिळते, त्याला "नाही" म्हणणं पोरांना जड जातं. म्हणून वही आणि प्रार्थना यांची सांगड घालायची नाही.

आता दुसरा प्रश्न, पंधरा दिवसांत काय होणार? बहिणीने मला पहिल्या दिवसाची फजिती मोकळेपणाने सांगितली. पुण्याहून खेळ, गाणी, चित्रांचे तक्ते असं भरपूर नेलं होतं. ही बोलत राहिली आणि तीस पोरं नुसती गोड हसत राहिली. एकही बोललं नाही. यजमानांनी मंडळीला पाठवायला फोटो काढले, तर तिथल्या शिक्षिकेने हात जोडून ते पुसायला लावले. वर्गातली काही मुलं भरतीच्या भीतीने पळून आलेली. त्यांचा चेहरा फोनवरून कुठे पोहोचेल, सांगता येत नाही.

तिथे शिक्षिकेला 'थारामू' म्हणतात. ही थारामू चोवीस वर्षांची, छावणीतच वाढलेली, तुटपुंज्या मानधनावर शिकवणारी. संध्याकाळी ती बहिणीला म्हणाली, "तुम्ही जाल. मुलांना बोलतं कसं करायचं ते मला दाखवा. मग मी करीन."

तिसऱ्या दिवसापासून सगळं उलटं केलं. सकाळी तासभर बहीण आणि तिथल्या तीन शिक्षिका मिळून धडा बसवत. वर्गात थारामू पुढे, पाहुण्या मागच्या बाकावर. यजमान हिशेबाच्या नोकरीत आहेत, ते मोठ्या मुलांकडून जीईडीचं गणित सोडवून घेत. लेक मुलींबरोबर जोडीजोडीने वाचायला बसे. धाकटा वेताच्या चेंडूने खेळायला शिकला. आठवडाभरात मुलं बोलू लागली, कारण विचारणारी त्यांचीच थारामू होती.

निघताना एका मुलीने लेकीला विचारलं, "परत कधी येशील?" लेक म्हणाली, "पुढच्या वर्षी, नक्की." आई गप्प बसली. पुढच्या वर्षी जमणार नाही हे तिला माहीत होतं. हे सांगताना तिचा आवाज उतरला. ती म्हणाली, "त्या पोरींनी आधीच किती माणसं गमावलीत. त्यांत आमची एक खोटी कबुली कशाला हवी होती?"

हिशेबही तिनेच मांडला. चौघांच्या विमान तिकिटांत थारामूचं कित्येक महिन्यांचं मानधन निघालं असतं. मग नुसते पैसेच का नाही पाठवले? ती म्हणाली, "पाठवले असते तर दुसऱ्या महिन्यात विसरलो असतो." मला दोन्ही बाजू खऱ्या वाटल्या.

तर मैत्रिणींनो, तुमच्या ओळखीतलं कोणी अशा कामाला निघालं किंवा वर्गणी मागायला आलं, तर एवढं जरूर विचारा. बोलावणं तिथल्या शाळेचं आहे का? तिथे शिकवायला परवाना लागतो का, ते पाहिलंय का? थायलंडमध्ये बिनपगारी कामालाही तो लागू शकतो. मुलांशी कसं वागायचं याचे शाळेचे नियम वाचलेत का? मोठं माणूस मुलाबरोबर एकटं राहणार नाही, विचारल्याशिवाय फोटो काढणार नाही, हे ठरलंय का? पैशातला किती वाटा प्रवासाला आणि किती तिथल्या शिक्षिकांना? आणि शेवटचं, परत आल्यावर काय?

आमच्या गटाने बचतीच्या निधीतून काही दिलं नाही, तो आमचा नियम आहे. पण सात जणींनी आपापल्या पदरचे पैसे दिले आणि पावतीवर 'शिक्षिकांच्या मानधनासाठी' असं लिहून घेतलं. तसं लिहिता येतं, हे आम्हालाही तेव्हाच कळलं.

ती बहीण आता दर शनिवारी फोनवर थारामूशी तासभर बोलते. पुढच्या आठवड्याचे धडे दोघी मिळून बसवतात. लेकीने त्या मुलीला चिठ्ठी धाडली आहे, पुढच्या वर्षी येणं होणार नाही म्हणून. उत्तर यायचंय.