नास्तिक, धर्मांतरित आणि आपलें घर

नास्तिक आणि धर्मांतरित या दोघांनाही आपला समाज बहुधा एकाच तराजूंत तोलतो. दोघांनींही वाडवडिलांचा धर्म टाकला, एवढेंच त्याला दिसतें. वस्तुतः दोघांच्या वाटा अगदीं भिन्न आहेत. नास्तिकाला ईश्वराचें अस्तित्वच मान्य नसतें. धर्मांतरिताला ईश्वर हवा असतो, मात्र तो दुसऱ्या मार्गानें. तेव्हां तत्त्वदृष्ट्या धर्मांतरितच आस्तिकाला अधिक जवळचा ठरावा. व्यवहारांत मात्र नेमकें उलट घडत आलें आहे.

इ. स. १८९५ हें एकच साल पाहा. त्या वर्षीं फेब्रुवारींत कवि नारायण वामन टिळक यांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. आणि जूनमध्यें गोपाळ गणेश आगरकर पुण्यास निवर्तले. आगरकर अज्ञेयवादी होते. नीति आणि समाजसुधारणा यांना पारलौकिक आधार नको, असें ते १८८८ पासून ‘सुधारक’ पत्रांतून निर्भयपणें मांडीत. त्यांच्या हयातींतच विरोधकांनीं त्यांची प्रेतयात्रा काढली. तरीही ते अखेरपर्यंत हिंदु समाजांतच राहिले, आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल असतांनाच वारले. उलट ईश्वरभक्तीनें भारलेल्या टिळकांचा संसार मात्र दीक्षेसरशीं दुभंगला. लक्ष्मीबाईंना कांहीं काळ पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयानें राहावें लागलें.

हें असें कां व्हावें? आपल्या परंपरेंत मतापेक्षां आचाराला महत्त्व अधिक. सांख्य आणि पूर्वमीमांसा या दर्शनांना जगत्कर्त्या ईश्वराची गरज वाटली नाहीं; तरी तीं आस्तिक दर्शनांतच गणलीं गेलीं. मनूनेंही नास्तिक म्हटलें तें वेदनिंदकाला. विचार मनांत राहतो, त्यानें पंक्ति मोडत नाहीं. धर्मांतरानें मात्र पंक्ति, सोयरीक आणि श्राद्ध हे तिन्ही धागे एकदम तुटतात. धर्म सोडल्यामुळें वारसाहक्क बुडूं नये, असा कायदा १८५० मध्येंच झाला होता. पण पानावर बसविण्याचें सामर्थ्य कायद्यांत कोठून येणार? १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांतही पति वा पत्नी यांनीं परधर्म स्वीकारणें हें घटस्फोटाचें कारण मानलें आहे; नुसती नास्तिकता मात्र नाहीं.

तथापि या दोन घरांत एक साम्य आहे, आणि तेंच कुटुंबवत्सल वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. आगरकरांनीं यशोदाबाईंच्या देवधर्माला कधीं आडकाठी केली नाहीं. टिळकांनीं लक्ष्मीबाईंवर नव्या धर्माची सक्ति केली नाहीं. पतीजवळ परत आल्यावरही त्या आरंभीं आपलें सोंवळें पाळीत. पुढें जातिभेद ईश्वरानें केला कीं मनुष्यानें, याचा त्यांनीं स्वतःशींच विचार केला आणि १९०० सालीं आपण होऊन दीक्षा घेतली. हा सारा इतिहास त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत आहे.

उद्यां आपल्याच घरांतील एखादा मुलगा संध्या सोडील, किंवा एखादी सून निराळ्या उपासनेकडे वळेल. तेव्हां तिनें वा त्यानें काय मानलें, एवढेंच विचारून थांबूं नये. स्वतःचें मत बाळगतांना घरांतील इतरांच्या मतालाही तितकीच मोकळीक दिली जाते कीं नाहीं, हें पाहावें. आणि घरांतील वडीलधाऱ्यांनीं हीच कसोटी प्रथम स्वतःला लावावी.